दारू सोडायची ठरवली, तर जायचं कुठे?

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट चालू होती, दारूची दुकानं बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्यामुळे सात जणांचा जीव गेला. बातमी दोन दिवस चालली. लोक हळहळले, "असली कसली तलफ" असंही म्हणाले, आणि मग ऑक्सिजनच्या नि खाटांच्या बातम्यांत ती वाहून गेली.

हात धुवायचं द्रावण माणूस हौसेनं पीत नाही. रोजच्या दारूची शरीराला वर्षानुवर्षं सवय झाली आणि ती अचानक थांबली की काय होतं, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना ठाऊक आहे. सकाळी उठल्यापासून हात थरथरतात, चहाचा कप ओठापर्यंत नेता येत नाही, घामानं बनियन भिजतं, ओकाऱ्या येतात, झोप तर लागतच नाही. अशा अवस्थेत माणूस हाताला लागेल ते पितो. तालुक्याच्या गावात त्या दिवसांत त्याच्यासाठी दुसरं कुठलं दार उघडं होतं? आणि टाळेबंदी उठून इतकी वर्षं झाल्यावर आज तरी कुठलं उघडं आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. व्यसनावरचा उपचार तालुक्याच्या गावात, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात मिळायला हवा. शंभर-दीडशे किलोमीटरवर, महिनाभर राहण्याच्या अटीवर, पदरचे पैसे मोजून मिळणारा उपचार हमाली करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसासाठी नसल्यासारखाच आहे. त्याला आपण "सोडायची इच्छाच नाही" म्हणून मोकळे होतो. इच्छा होते तेव्हा जायला जागा नसते, हे कुणी बोलत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे, असं त्यात आढळलं. यातले २ कोटी ९० लाख दारूवर पुरते अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांमागे एक. हा आकडा साऱ्या देशाचा आहे, महानगरांतली मोठी रुग्णालयं धरून. मानसोपचारतज्ज्ञच नाही अशा तालुक्यात काय स्थिती असेल, त्याचा अंदाज बांधायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरांना विचारा, त्या एक प्रसंग नक्की सांगतील. चाळिशीचा माणूस मोटारसायकलवरून पडून, पाय मोडून दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चिडचिड करायला लागतो, हात कापतात. त्या रात्री किंवा तिसऱ्या रात्री चादरीवरचे किडे वेचायला लागतो, जे दुसऱ्या कुणालाच दिसत नाहीत. सलाईनची सुई उपसून काढतो, भिंतीकडे बघून कधीच वारलेल्या बापाशी बोलतो. बायको घाबरून दीराला फोन लावते. कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय, कुणी लिंबू उतरवून टाकतं. सिस्टरांना कळलेलं असतं. रात्रीचे दोन वाजलेले, ड्यूटीवर एकच डॉक्टर आणि ते बाळंतपणात अडकलेले. शेवटी हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधतात आणि १०८ बोलावून जिल्ह्याच्या गावाला पाठवतात.

हे सगळं टळू शकतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. दाखल करताना दोन प्रश्न विचारायला हवेत: रोज पिता का, आणि शेवटची कधी घेतली? दारू थांबल्यापासून साधारण सहा तास ते दोन दिवसांत थरथर आणि फिट येण्याचा धोका असतो. दोन ते चार दिवसांत वर सांगितलेला भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर उपचार मिळाला नाही तर त्यात जीवही जातो. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. ती हळूहळू उतरती मात्रा ठरवून पाच-सात दिवस दिली की बहुतेकांचं शरीर सुखरूप पार पडतं. सोबत थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. आपल्याकडे दारू पिऊन गळाठलेल्या माणसाला पहिलं काय देतात, तर ग्लुकोजचं सलाईन. अशा माणसाच्या शरीरात थायामिनचा साठा बहुधा संपत आलेला असतो. आधी थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे वैद्यकीय पुस्तकात आहे, परीक्षेत विचारलं जातं, आणि तरीही गावोगावच्या दवाखान्यांतून सलाईनची बाटली आधी टांगली जाते.

पूर्वी फिट येऊन गेलेला, यकृत निकामी होत आलेला, आत्महत्येचं बोलणारा असा गुंतागुंतीचा रुग्ण वरच्या रुग्णालयात पाठवायलाच हवा. बाकीच्यांसाठी तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा पुरतात. नीट प्रशिक्षण मिळालेला एमबीबीएस डॉक्टर हे काम करू शकतो. टीबीची औषधं एकेकाळी शहरातल्या क्षयरोग रुग्णालयापुरती होती. ती गावातल्या उपकेंद्रापर्यंत आणि आशाताईंच्या हातापर्यंत पोचली, तेव्हा कुठे गरीब माणूस पूर्ण मुदतीचा उपचार घ्यायला लागला. व्यसनाच्या बाबतीत आपण अजून शहराच्याच वेशीवर उभे आहोत.

सोय नाही, म्हणून लोक थांबून राहिले आहेत असं मात्र नाही. तालुक्याच्या गावातलं प्रत्येक त्रासलेलं घर काही ना काही करतच असतं.

पहिला मार्ग माळेचा. आषाढीला नाहीतर गावच्या सप्ताहात महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालायची आणि दारू-मटण सोडायचं. माझ्या मनात या मार्गाबद्दल आदर आहे. माळेनं माणसाला नुसती शपथ मिळत नाही, संध्याकाळी जायला हरिपाठ मिळतो, वारीला दिंडी मिळते, पिणाऱ्या टोळक्याच्या जागी दुसरी माणसं मिळतात. दारू सुटलेल्या माणसाची सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची सात ते नऊ, आणि नेमकी तीच वेळ भजन भरून काढतं. कित्येकांची दारू अशी सुटली आहे. पण रोज सकाळी डोळे उघडताच घोट लागणारा माणूस माळ घालून त्याच क्षणी दारू तोडतो, तेव्हा तिसऱ्या रात्री त्याचं काय होऊ शकतं ते वर सांगितलं. म्हणून कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे. माळ घालायला आलेल्याला एवढंच सांगा की बाबा, सकाळी हात थरथरत असतील तर आधी दवाखान्यात जाऊन ये, मग माळ घाल. त्यांच्या एका वाक्याला सरकारी भित्तिपत्रकांपेक्षा जास्त वजन आहे.

दुसरा मार्ग गुपचूप औषधाचा. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, आता मोबाइलवरही जाहिरात असते: "पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळा, दारू कायमची सुटेल." अशा पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. कधीकधी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून डायसल्फिरामच्याच गोळ्या आणून भाजीत कालवल्या जातात. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून दिली तर ती उपयोगी आहे. नकळत दिली तर जीवघेणी ठरू शकते, कारण आज प्यायलो तर काय होईल हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. ज्या बाई हे करतात त्यांना मी दोष देणार नाही. नवऱ्याला समोर बसवून बोलेल असा एकही डॉक्टर त्यांना गावात भेटलेला नसतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. जिल्ह्याच्या किंवा शेजारच्या जिल्ह्याच्या गावाबाहेर भाड्याच्या बंगल्यात चालणारं "केंद्र". फोन केला की गाडी येते, चार पोरं झोपेतल्या माणसाला उचलून नेतात. दर महिन्याला काही हजार रुपये, निदान तीन महिने ठेवायची अट, पहिल्या महिन्यात भेट नाही, फोन नाही. घरचे बचत गटाचं कर्ज काढून, नाहीतर मंगळसूत्र गहाण टाकून फी भरतात. आत मारहाण होते, कोंडून ठेवतात, डॉक्टर आठवड्यातून एकदा सही करायला येतो, अशा तक्रारी देशभरातून येत असतात. तीन महिन्यांनी माणूस बारीक होऊन, दाढी करून घरी येतो, आठ दिवसांत पुन्हा प्यायला लागतो, आणि वर मनात घरच्यांबद्दल राग घेऊन. पुढच्या वेळी खऱ्या उपचाराचं नाव काढलं तरी तो उंबरा ओलांडत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, फक्त तो गावापर्यंत पोचलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा त्यात प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहिला आहे. अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. साखळीनं बांधायला बंदी आहे. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर घरच्यांची सही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आपल्या माणसाला केंद्रात सोडून येण्याआधी "नोंदणीचा दाखला दाखवा" एवढं एक वाक्य जरी घरच्यांनी म्हटलं तरी बऱ्याच गोष्टी उघड होतील.

चांगली निवासी केंद्रं महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचं ऋण मानल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं उभं केलं. व्यसनी माणसाला "बेवडा" न म्हणता रुग्णमित्र म्हणायला, त्याच्या बायकोचं दुःख वेगळं ऐकून घ्यायला, त्यातूनच बाहेर पडलेल्यांना समुपदेशक करायला मराठी समाज तिथं शिकला. ज्याचं घर, काम, संगत सगळंच दारूत बुडालंय, त्याला महिनाभर तिथून उचलून दूर ठेवण्याची गरज असतेच, आणि अशांसाठी ही केंद्रं राहायला हवीत, वाढायला हवीत.

पण अशा केंद्रातला महिना संपतो आणि माणूस त्याच चौकात परत येतो. तोच पानठेला, तोच परमिट रूम, मजुरी मिळाल्यावर "चल, बसू" म्हणणारे तेच दोस्त. पहिल्या सहा महिन्यांत घसरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. त्या काळात त्याला दर आठवड्याला कुणीतरी भेटायला हवं असतं, गोळ्या चालू आहेत का विचारायला हवं असतं, आणि एखाद्या लग्नात पाय घसरलाच तर दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगता येईल अशी जागा हवी असते. पुण्याला पाठपुराव्याला जायचं तर दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. एकदा जाईल, दोनदा जाईल. तिसऱ्यांदा ऊसतोड सुरू झालेली असते. नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. जी गोळी महिनोन्‌महिने घ्यायची ती घराजवळच मिळायला हवी.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे, आणि आपल्या शेजारीच. गोव्यात संगत या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे पुरुष ताप-खोकल्यासारख्या कारणांनी केंद्रात आले होते. चाळणीच्या प्रश्नांतून त्यांचं पिणं धोक्याच्या पातळीवर असल्याचं दिसलं. डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, त्याच भागातल्या प्रशिक्षित लोकांनी त्यांच्याशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलणं केलं. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांनी आधीच्या दोन आठवड्यांत दारूला हात लावला नव्हता. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. हा अभ्यास शरीरानं पुरते दारूवर अवलंबून असलेल्यांचा नव्हता, त्यांच्या एक पायरी अलीकडच्यांचा होता. माझ्या मते म्हणूनच तो जास्त मोलाचा. तालुक्याच्या गावात शेवटच्या पायरीवरचा माणूस सगळ्यांना दिसतो. बत्तीस वर्षांचा, अजून नोकरी टिकवून असलेला, रोज संध्याकाळी क्वार्टर मारणारा पतसंस्थेतला कारकून कुणालाच दिसत नाही. त्याला आता चार वेळा बसून बोलणारं माणूस मिळालं, तर दहा वर्षांनी खाटेला बांधावं लागणार नाही.

तामिळनाडूत चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेनं १९८९ पासून मंजक्कुडी गावात व्यसनमुक्तीची शिबिरं घेतली. रुग्णांना शहरात नेण्याऐवजी डॉक्टर आणि समुपदेशकच गावात जाऊन राहिले, आणि गावकऱ्यांनी जागा नि जेवण पुरवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं सरकार आणि टाटा ट्रस्ट्‌स यांच्यासोबत २०१६ मध्ये मुक्तिपथ सुरू केलं. त्यात तालुक्या-तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक आहे.

गडचिरोलीचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दारूचा विषय निघाला की चर्चा लगेच दारूबंदीवर जाते. दुकान बंद करायला निघालेल्या बायकांच्या बाजूनं मी आहे. आडव्या बाटलीसाठी मतदानाला रांग लावणाऱ्या बायांची जिद्द मोठीच आहे. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असूनही तिथं उपचाराची क्लिनिकं काढावी लागली, आणि ज्यांनी दारूबंदीसाठी लढा दिला त्यांनीच ती काढली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडले. ज्या सकाळी दुकानाचं शटर बंद होतं, त्या सकाळी ज्याचे हात थरथरत उठतात त्याला कुठे पाठवायचं, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांतून हरवला. दुकान उघडं असो की बंद, त्या माणसाला खाट लागतेच.

आता एका खऱ्या अडचणीकडे येतो, कारण ती मला गावातल्याच माणसांनी सांगितली आणि ती हलकी नाही. छोट्या गावात गुप्तता नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढणारा ओळखीचा, रांगेत पुढे चुलत सासू, बाहेर चहाच्या टपरीवर अर्धा गाव. "अमका व्यसनाच्या डॉक्टरकडे गेला होता" हे संध्याकाळपर्यंत मुलीच्या स्थळापर्यंत पोचतं. लांबच्या केंद्रात जाण्याचं एक मोठं कारण हेच आहे. घरचे सांगतात, मुंबईला कामाला गेलाय.

याचं उत्तर त्याच रुग्णालयाच्या इमारतीत आहे. एचआयव्हीच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशनाची खोली झाली, तेव्हा तिथं कुणी पाय ठेवणार नाही असंच लोक म्हणत होते. एचआयव्हीची भीती आणि लाज दारूपेक्षा कितीतरी मोठी होती. समुपदेशक दार लावून बोलायचे, गरोदर बायांची तपासणी सरसकट व्हायची, त्यामुळे त्या खोलीत कोण कशासाठी गेलंय हे बाहेरून कळेनासं झालं. लोक जायला लागले. व्यसनाचंही तसंच करता येईल. दारावर "व्यसनमुक्ती" अशी पाटी कशाला हवी? तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासताना तंबाखू आणि दारूचे प्रश्न सगळ्यांनाच विचारावेत, आणि ज्याला गरज आहे त्याला त्याच खोलीत पुढे बसवावं. दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा. त्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरून माणसं तशीही गावात येतात, दवाखान्यात दिसली तरी कुणी विचारत नाही, आणि येण्याजाण्याचा खर्चही वेगळा पडत नाही.

डॉक्टरांची पदं रिकामी आहेत, असलेल्यांवर बाळंतपणं, शवविच्छेदन, मारामारीच्या केसेस यांचा भार आहे, हेही खरं. म्हणून मी तज्ज्ञ डॉक्टरांचं नवं पद मागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्ह्याला आहे, त्यातल्या मानसोपचारतज्ज्ञानं ठरलेल्या दिवशी यावं आणि मधल्या दिवसांत फोनवर सल्ला द्यावा. असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी दोघांना आणि सिस्टरांना दारू तुटतानाच्या त्रासावरच्या उपचाराचं प्रशिक्षण द्यावं. एक समुपदेशक मात्र पूर्णवेळ हवा, आणि तो कंत्राट संपलं की निघून जाणारा नको. या कामात रुग्ण आधी माणसावर विश्वास ठेवतो, मग औषधावर.

पैशाचं काय? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज तेव्हा दिला गेला. हा पैसा तालुक्या-तालुक्यातल्या याच माणसांच्या खिशातून येणार आहे, आणि त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांतूनही. त्याचा ठरावीक भाग ग्रामीण रुग्णालयांतल्या व्यसन उपचारासाठी राखून ठेवायला हवा, तोही अर्थसंकल्पात वेगळा लेखाशीर्ष करून, म्हणजे खर्च झाला की नाही ते कुणालाही बघता येईल. "स्वतःच्या हौसेनं पितात, त्यांच्यावर सरकारनं का खर्च करावा" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या घरातल्या बाईकडे आणि पोरांकडे बघावं. बिडी ओढणाऱ्याचा कॅन्सर आणि हेल्मेट न घातलेल्याचं डोकं आपण सरकारी रुग्णालयात बघतोच, तिथं कुणी हौसेचा हिशेब मांडत नाही.

दारूबद्दलच जास्त लिहिलं कारण तालुक्याच्या गावात सगळ्यात मोठा भार तिचाच आहे. पण चित्र बदलतंय. झोपेच्या गोळ्यांची नशा मराठवाड्यात, मालेगावात जुनी झाली. एमडी, म्हणजे मेफेड्रॉन हा अमली पदार्थ, मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही: जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ त्याचा कारखाना पकडला गेला आणि पाठोपाठ तुळजापुरातलं प्रकरण उघडकीला आलं. पोलीस पकडतील ते पकडतील. ज्या एकोणीस वर्षांच्या पोराला ते लागलंय त्याचे आईबाप मात्र पोलिसांच्या भीतीनं कुणाला सांगत नाहीत. दारूवर आहे तसं ठरलेलं औषध एमडीवर नाही. तिथं सगळी मदार बोलण्यावर, घरच्यांना धरून चालण्यावर आणि सातत्यावर असते, म्हणजे जवळच्या समुपदेशकाची गरज इथं दुप्पट. बायांची मिश्री आणि विदर्भातला खर्रा ही तंबाखूची रूपं तर आपण व्यसनात धरतच नाही.

१४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आणि १४४४६ वर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, दोन्ही फुकट. तिथं माणूस ऐकून घेतो, धीर देतो, वाट दाखवतो. ती वाट आपल्या तालुक्यात कुठेतरी जाऊन पोचायला हवी.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तालुक्याची आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली भरते. महिला बचत गटांनी, भजनी मंडळांनी, दारू सोडलेल्या माणसांच्या गटांनी मिळून या दोन ठिकाणी लेखी विचारायला हवं. आपल्या रुग्णालयात थायामिनची इंजेक्शनं आणि डायझेपाम आज साठ्यात आहे का? दारू तुटण्याच्या त्रासासाठी किती रुग्ण गेल्या वर्षी दाखल केले आणि किती जिल्ह्याला पाठवले? मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात आणि ती तारीख बाहेरच्या फलकावर लिहिली आहे का? तालुक्यात चालणाऱ्या खासगी केंद्रांपैकी कुणाकडे नोंदणी आहे? उत्तर "निरंक" आलं, तर तेच पत्र घेऊन दोन खाटांची आणि एका समुपदेशकाची मागणी करावी, आणि पुढच्या आमसभेत पहिला प्रश्न त्याच मागणीचा विचारावा.